घडीच्या गाडीतली गादी

दुबई, १२ ऑक्टोबर १९६३

खैरुन्निसास सलाम आणि दुआ.

तुझं पत्र पोचलं. आपल्या साजिदाचा निकाह ईदनंतर पंधरा दिवसांनी धरलाय हे वाचलं आणि तडक विल्कॉक साहेबाकडे रजा मागायला गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदाच मागत होतो. साहेब खुर्चीत वाकडा बसला होता. म्हणाला, "याकूब, हम एक हफ्ता सोया नहीं. तुम छुट्टी बोलता है!"

साहेब का झोपत नाही ते सांगतो, म्हणजे विलायतेची हुशारी तुला कळेल. आमचा तेलाच्या सर्वेचा कॅम्प तीन-चार दिवसांनी हलतो. कधी मुहैस्नाहची वाळू, कधी अजमानच्या पुढची. तंबूचा कंटाळा आला म्हणून साहेबाने बोटीने एक गाडी मागवली. जीपमागे बांधून ओढायची. बंद असली की टिनाची पेटी. हँडल फिरवलं की छप्पर वर येतं, दोन्ही कुशींतून दोन फळ्या बाहेर सरकतात आणि त्यांच्यावर कॅनव्हास ताणला जातो. त्या फळ्या म्हणजे पलंग. एकावर साहेब, दुसऱ्यावर इंजिनियर कॉलिन्स. अर्धा पलंग गाडीत, अर्धा हवेत. हवेतल्या अर्ध्याला दोन लोखंडी टेकू आहेत, ते वाळूत रुततात, म्हणून सकाळी साहेबाचे पाय डोक्यापेक्षा हातभर खाली असतात. मधोमध बिजागरीची पट्टी, ती बरोबर कमरेखाली येते. वर स्पंजाची गादी, दोन बोटं जाड. पहाटे कॅनव्हासवरचं दव तोंडावर ठिबकतं. ज्याने ही वस्तू बनवली तो स्वतः हॉटेलातच झोपत असणार.

साहेब म्हणाला, मला महिनाभर नीट झोपव, तुला दोन महिने रजा आणि बोटीचं तिकीट. कॅम्पात चार इंजिनियर आहेत, पण गादी कुणालाच येत नाही. मी वीस वर्षं गलबतांची शिडं शिवली, मला का येऊ नये?

एकच अडचण आहे. गादी जाड केली तर गाडीचं छप्पर बसत नाही. साध्या कापसाने ते जमणार नाही. सावरीचा कापूस दाबला की बोटभर, सोडला की वीतभर. माळ्यावर तीन पोती आहेत, मला माहीत आहे. हमदुल्लाची बोट पुढच्या महिन्यात मुंबईहून सुटते. त्याच्याबरोबर दोन पाठव.

माझी काळजी करू नकोस. कॅम्प सुपरवायझर म्हणून माझी झोपायची सोय त्या गाडीला लागूनच आहे.

तुझा,
याकूब


साखरतर, ३ नोव्हेंबर १९६३

साजिदाच्या अब्बांना सलाम.

पत्रात गादी, कापूस, शिवण बघून मला वाटलं, बापाला लेकीच्या गादीची आठवण झाली. पुढे वाचलं तेव्हा कळलं की नवरी विल्कॉक साहेब आहे. मुबारक असो.

माळ्यावर तीन पोती आहेत हे तुमच्या लक्षात आहे, वाचून बरं वाटलं. ती कशासाठी आहेत हेही लक्षात असेलच. मागच्या उन्हाळ्यात मी आणि साजिदा सावरीखाली बोंडं वेचत होतो, नाकातोंडात कापूस जात होता. हे सगळं एका इंग्रजाच्या कमरेसाठी चाललंय असं कुणी सांगितलं असतं तर आणखी मन लावून वेचला असता.

तरी दोन पोती पाठवते आहे. साजिदाच म्हणाली, पाठव. म्हणाली, "अब्बा आले तर साध्या कापसाची गादीही चालेल. ते नाही आले तर सावरीवर झोपून मी काय करू?" याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर घेऊन या, पत्रात नको.

उरलेल्या एका पोत्याने गादी भरत नाही, म्हणून बाजारातून साधा कापूस आणला, पिंजाऱ्याकडून पिंजून घेतला आणि तिची गादी भरली. तोंड उघडं ठेवलंय. मुलीच्या गादीचा शेवटचा टाका बापाने घालायचा ही रीत तुमच्या घराची, माझ्या माहेरची नाही. माझा भाऊ अहमद म्हणाला, मी घालतो टाका. साजिदाने त्याच्या हातातून सुई काढून घेतली. तर गादी पडवीत भिंतीला टेकून आ वासून बसली आहे आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारते, बाप कधी येतोय?

पोत्यात एक छोटी उशी आहे, हिरव्या दोऱ्याने कड शिवलेली. ती साहेबाची नाही, तुमची आहे. तुमची मान उजवीकडे आखडते म्हणून मुद्दाम बसकी केली आहे. सुपरवायझर लोक उशी वापरतात ना?

खैरुन्निसा


दुबई, २७ नोव्हेंबर १९६३

खैरुन्निसास सलाम.

पोती मिळाली. हमदुल्ला स्वतः कॅम्पात घेऊन आला, चहा प्याला, सगळं फिरून बघून गेला. काम फत्ते.

ऐक काय काय केलं. फळी आणि बिजागरी उचकटून टाकली, नुसती चौकट ठेवली. खाडीवरच्या गलबतवाल्यांकडून काथ्याची दोरी आणली आणि चौकटीवर बाजेसारखी विणली. टेकूंखाली पेट्यांच्या फळ्या घातल्या, आता ते रुतत नाहीत. तुझ्या कापसाच्या दोन गाद्या केल्या, शिडाच्या कापडात, दर वितीला टाका, म्हणजे कापूस कोपऱ्यात पळणार नाही. छपराच्या कॅनव्हासवर वीतभर जागा सोडून एक जुनं शीड ताणलं. दव त्याच्यावर पडतं, साहेबाच्या नाकावर नाही.

पहिल्या रात्री साहेब झोपला तो सकाळी साडेनऊला उठला. कॉलिन्स तर दुपारी. त्या दिवशी जमीन मोजायला कुणी गेलंच नाही. साहेबाने माझा हात हातात घेऊन इतका हलवला की खांदा दुखला.

खरी गंमत वेगळीच आहे. विणलेली दोरी दिवसभराच्या उन्हाने सैल पडते, ती संध्याकाळी ताणावी लागते. छप्पर बंद करताना ती पूर्ण सोडावी लागते. त्यासाठी मी आमची शिडाची गाठ मारली आहे. नेमक्या टोकाला एक हिसका दिला की सुटते, दुसरं काहीही केलं तर आणखी आवळते. कॉलिन्स वही-पेन्सिल घेऊन दोन संध्याकाळी बसला, चित्रं काढली, काही कळलं नाही. कळणार कसं? मी त्याच्याकडे पाठ करून मारतो. उस्तादांनी मला शिकवली तेव्हा दाराला कडी लावली होती. म्हणाले होते, ही गाठ ज्याच्या हातात तो कधी रिकामा बसणार नाही. रजेचं पक्कं समज.

उशी फारच छान आहे. रोज वापरात आहे.

याकूब


साखरतर, २१ डिसेंबर १९६३

साजिदाच्या अब्बांना सलाम.

हमदुल्ला येऊन गेला. खोटं बोलता येत नाही हा त्या माणसाचा एकच दोष. मी विचारलं, आमचे सुपरवायझर कसे आहेत? तो म्हणाला, "भाभी, कोण सुपरवायझर?" मग म्हणाला, हां हां, आहेत ना. मग वाटीतला हलवा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं.

गाडीला लागून सोय म्हणजे गाडीच्या खाली. दोन चाकांच्या मध्ये. खाली तांदळाची रिकामी गोणी, वर अंगावरचाच कोट. वर साहेब कूस बदलतो तेव्हा वाळू तुमच्या तोंडावर पडते, हेही सांगितलं. दव साहेबाच्या नाकावर पडत नाही ते वाचून मला आनंद झाला होता. ते आता शिडावरून ओघळून कुठे येतं तेही समजलं.

उशी रोज वापरात आहे हे मात्र खरं निघालं. साहेबाच्या कमरेखाली असते. हिरवी कड हमदुल्लाने ओळखली.

मला राग कशाचा आला ते लिहू का? तुम्ही जमिनीवर झोपता याचा नाही. गरिबाचं पोर जमिनीवरच मोठं होतं. दोन महिने मी शेजारणींना तुमची चाकांची खोली वर्णन करून सांगत होते, खिडकीला पडदे आहेत इथपर्यंत, आणि तुम्ही मला सांगू दिलंत. आता मी पडदे काढू कसे?

सगळ्यात मोठ्या गोष्टीचं काय झालं ते लिहा. महिना होत आला. रजा दिली का?

खैरुन्निसा


दुबई, ९ जानेवारी १९६४

खैरुन्निसास सलाम.

पडद्यांबद्दल माफी माग असं मन म्हणतं, म्हणून मागतो. तुला खरं लिहिलं असतं तर तूही तिकडे गोणीवरच झोपली असतीस. एवढंच कारण होतं.

रजा दिली नाही.

महिना भरला त्या दिवशी गेलो. साहेब गुलाबासारखा फुलला आहे, गाल वर आलेत. म्हणाला, "याकूब, तुम जाएगा तो ये कौन बांधेगा?" कॉलिन्सला बोलावून विचारलं, तुला येते ही गाठ? कॉलिन्सने खाली बघितलं. मग साहेब म्हणाला, सीझन एप्रिलच्या शेवटी संपतो, मे महिन्यात जा, दोन काय तीन महिने जा. खलास. वर मला सिगारेटचा डबा दिला. मी सिगारेट ओढत नाही हे त्याला तीन वर्षांत कळलेलं नाही.

मी सांगितलं, मुलीचा निकाह मेपर्यंत थांबत नाही. तो म्हणाला, सॉरी, याकूब. मनापासून म्हणाला, तेच जास्त लागलं. तो वाईट माणूस नाही, नुसता झोपलेला माणूस आहे.

दुसऱ्या कॅम्पाच्या साहेबांनीही मला बघायला बोलावलं आहे. त्यांनाही तसेच पलंग हवे आहेत. इतकी इज्जत मला आयुष्यात मिळाली नव्हती. टाका अहमदला घालू दे, साजिदाला समजाव. तिचा मामाच आहे तो.

याकूब


साखरतर, २४ जानेवारी १९६४

साजिदाच्या अब्बांना सलाम.

रोजा आहे, म्हणून जपून लिहिते आहे. जे शब्द मनात आहेत ते इफ्तारनंतर भिंतीशी बोलेन.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. साहेबाची चूक शोधत होते, सापडत नाही. त्याला झोप हवी, झोप ज्याच्या हातात त्याला तो सोडत नाही. माझ्याही घरात असा कुणी असता तर मीही सोडला नसता. चूक पाठ करून बसलेल्या माणसाची आहे. साहेबाने तुम्हाला बांधलेलं नाही, तुम्ही स्वतःच्या गाठीत स्वतः बसला आहात आणि वरून लिहिता आहात की इज्जत मिळाली.

ती गाठ एवढी मोठी जादू आहे का? मागच्या खेपेला तुम्ही अंगणात वाळत घालायची दोरी बांधलीत. साजिदा तेव्हा चौदा वर्षांची होती, माझ्यासमोर उभी राहून बघत होती. तुम्ही गेल्यावर तिने सोडली आणि पुन्हा बांधली. तीन वर्षं या घरातले कपडे तुमच्या उस्तादांच्या गाठीवर वाळतात. दाराला कडी न लावता. तुमचे साहेब आणि इंजिनियर माझ्या मुलीपेक्षा अडाणी असतील तर तेल कसं शोधणार?

मला कळतं तुम्ही का शिकवत नाही. गाठ दुसऱ्याला आली की याकूबची गरज संपली, परत आल्यावर नोकरी असेल-नसेल. ही भीती खोटी नाही. मलाही आहे. पण मग असं लिहा, की गाठ माझी आणि मुलगी अहमदची. मी साजिदाला वाचून दाखवते.

ती काय म्हणते तेही ऐका. टाका दुसऱ्या कुणी घालायचा नाही. तुम्ही नाही आलात तर गादी उघड्या तोंडानेच सासरी नेईन, कापूस वाटेत सांडला तर सांडू दे. तुमचीच मुलगी आहे.

खैरुन्निसा


दुबई, ११ फेब्रुवारी १९६४

खैरुन्निसास सलाम.

हे पत्र आणि मी बहुतेक एकाच बोटीने येऊ. तरी लिहितो, कारण हे तोंडाने सांगायला मला जमणार नाही.

तुझं पत्र खिशात घालून मी दोन दिवस फिरलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेबाला आणि कॉलिन्सला गाडीपाशी बोलावलं, आणि तोंड त्यांच्याकडे करून गाठ मारली. पहिल्या खेपेला मलाच जमली नाही. उस्तादांचा चेहरा समोर येत होता. मनात त्यांची माफी मागितली, म्हटलं, तुम्हालाही मुलगी असती तर.

कॉलिन्सने वही मिटली, म्हणाला, इतकंच? मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. त्याला तीन दिवस लागले. साहेबाला आठ. दोन वेळा त्याने स्वतःचं बोट आत बांधून घेतलं आणि मलाच सोडवावं लागलं. गाद्या उन्हात कशा घालायच्या, कापूस कसा झटकायचा, सगळं दाखवलं. नवव्या दिवशी साहेबाने एकट्याने पलंग ताणला, वर चढून बसला आणि मुलासारखा हसला. मग माझ्याकडे वळला. म्हणाला, "याकूब, तुम पहले क्यों नहीं सिखाया?"

मी रजेचं विचारलं.

एक महिना दिलाय. दोनाचं बोलणं होतं, पण आता माझ्याकडे घासाघीस करायला काही उरलेलं नाही. ईदच्या दुसऱ्या दिवशीची बोट आहे. परत आलो की जागा असेल का, हे मी विचारलं नाही. सुई आणि मेणाचा दोरा बरोबर घेतला आहे.

याकूब


साखरतर, २५ एप्रिल १९६४

साजिदाच्या अब्बांना सलाम.

पोचल्याचं पत्र मिळालं. तुमच्या पाठीमागे साहेब दोनदा आणि कॉलिन्स एकदा गाठ सुटून गादीसकट खाली आला हे मी तिच्या सासरी जाऊन वाचून दाखवलं तेव्हा साजिदा इतकी हसली की तिच्या सासूने दारातून डोकावून बघितलं. तर जागा आहे तुमची. शिकवूनही सगळं दुसऱ्याच्या हातात जात नाही, हे उस्तादांनी सांगायचं राहिलं होतं.

तिच्या सासरी विचारलं, गादी सावरीची नाही? मी म्हटलं, सावर दुबईला नोकरीला आहे.

आता माझं ऐका. तुम्ही इथे सव्वीस दिवस होतात. निकाहच्या आदल्या दिवशी पडवीत बसून टाका घातलात, घालता घालता रडलात, आणि डोळ्यांत कापूस गेला म्हणून सांगितलंत. ते मी धरून बसत नाही. पण सव्वीस दिवसांत पलंगावर तुम्ही एकदाही सकाळपर्यंत टिकला नाहीत. मी पहाटे फजरला उठायची तेव्हा तुम्ही ओटीवर, उघड्या जमिनीवर, हात डोक्याखाली घेऊन. एकदा विचारलं तर म्हणालात, मऊ लागतं, झोप येत नाही. दोन साहेबांना ज्याने झोपवलं त्याचं हे उत्तर. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तिथे कापूस नव्हता.

या महिन्यात सावर पुन्हा फुटली. एकटीनेच वेचली. एका माणसाची गादी केली आहे, जमिनीवर टाकायची, फार मऊ नाही, सवय लागेल अशी. हमदुल्ला घेऊन येतोय. तिच्यावर इंग्रजी अक्षरांत तुमचं नाव आहे, लाल दोऱ्याने, चांगलं वीतभर. साजिदा माहेरपणाला आली तेव्हा तिने भरलं, मधोमध, कमरेच्या जागी. साहेबाला वाचता येतं ना?

मुलीच्या गादीचा शेवटचा टाका बापाने घालायचा, ही तुमच्या घराची रीत. नवऱ्याच्या गादीचा कुणी घालायचा, याची काही रीत मला कुणी सांगितली नाही. मी घातला.

खैरुन्निसा


दुबई, २० मे १९६४

खैरुन्निसास सलाम.

हमदुल्ला परवा आला. गादी गाडीखाली मावत नव्हती, म्हणून बाहेर उघड्यावर टाकली. साहेब चहा मागायला आला, उभा राहून बघितली, वाकून हात लावला. मग नाव वाचलं. मोठ्याने वाचलं. हात मागे घेतला आणि निघून गेला.

थोड्या वेळाने परत आला, तुझी हिरव्या कडेची उशी घेऊन. म्हणाला, "ये भी तुम्हारा है, शायद." मी म्हटलं, हां साहेब, माझीच आहे.

काल रात्री गादीवर पडलो. बराच वेळ मऊ लागलं. मग लागेनासं झालं.

फजरची नमाज कझा झाली, वेळ टळून गेली. अल्ला माफ करो, आयुष्यात कधी असं झालं नव्हतं. जाग आली तेव्हा ऊन तोंडावर होतं. साहेबाने मला ओलांडून जाऊन स्वतःचा चहा स्वतः केला होता आणि मला उठवलं नव्हतं.

चहा फार वाईट झाला होता. मलाही एक कप ठेवला होता.

याकूब